डेलिया पाडव्याला नको, अक्षय्य तृतीयेला लावा

तुमचा प्रश्न वाचला आणि सगळ्यात आधी हे सांगते, तुमचे कंद थंडीने नाही गेले, पाण्याने गेले. तुम्ही लिहिलंय की सिअ‍ॅटलजवळ बोथेलला घर घेतल्यावर पहिल्याच वर्षी एका मोठ्या दुकानातून डेलियाचे दहा कंद आणले, गुढीपाडव्याचा चांगला दिवस बघून वाफ्यात लावले, आई पुण्याहून आलेल्या होत्या त्या रोज सकाळी न चुकता झारीने पाणी घालत होत्या, तरी सात कंद वर आलेच नाहीत, तीन उगवले त्यातले दोन एका रात्रीत कोणीतरी फस्त केले, आणि उरलेल्या एकाला थेट सप्टेंबरात दोन फुलं आली. आता विचारताय की सिअ‍ॅटलच्या या गार हवेत डेलिया होतो तरी का, आणि होत असेल तर यंदा स्प्रिंगमध्ये नेमकं काय करायचं.

होतो, आणि फार सुंदर होतो. सिअ‍ॅटल शहराने १९१३ साली डेलिया हे आपलं अधिकृत फूल ठरवलंय, उगाच नाही. ऑगस्टच्या शेवटी एकदा व्हॉलंटियर पार्कला कन्झर्व्हेटरीजवळचे डेलियाचे वाफे बघून या, नाहीतर तुम्हाला जवळ म्हणजे बेलव्ह्यूची बोटॅनिकल गार्डन, आणि खालच्या बाजूला गेलात तर टकोमाच्या पॉइंट डिफायन्स पार्कातली ट्रायल गार्डन. जेवणाच्या ताटाएवढं फूल म्हणतात ना, ते तिथे खरोखर बघायला मिळतं. इथली रात्र गार असते म्हणून रंग गडद येतो आणि जूनमध्ये दिवस जवळजवळ सोळा तासांचा असतो म्हणून झाड झपाट्याने वाढतं. पुण्यात एप्रिलच्या उन्हात डेलिया माना टाकतो, इथे त्याला सगळं मानवतं, फक्त एक गोष्ट सोडून, आणि ती म्हणजे मार्च-एप्रिलमधली गार आणि चिकचिकीत ओली माती.

मी इथे ईस्टसाइडला, म्हणजे सिअ‍ॅटलच्या पूर्वेकडच्या उपनगरांत, सोळा वर्षं डेलिया लावतेय, दरवर्षी सत्तर-ऐंशी कंद असतात. मी मूळची वाईकडची, घरची हळद होती, त्यामुळे बेणं (लागणीसाठी ठेवलेला कंद), डोळा (कोंब फुटतो ती जागा), वाफसा हे शब्द लहानपणापासून कानावरचे आहेत आणि खरं सांगते मला डेलिया समजला तो या शब्दांमुळेच. त्यातही वाफसा. वाफसा म्हणजे काय ते शेतीशी संबंध नसलेल्यांना पटकन कळत नाही म्हणून सांगते, पाऊस पडून गेला की माती आधी गच्च ओली असते, पायाला चिकटते, मग दोन-चार दिवस ऊन-वारा लागतो, जास्तीचं पाणी खाली जातं, मातीत ओल राहते पण हवाही खेळते, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि अंगठ्याने टिचकी मारली तर तो गोळा फुटतो. तो वाफसा. माझे आजोबा वाफसा आल्याशिवाय कोणालाही रानात पाय ठेवू द्यायचे नाहीत. इथे डेलियाचं सगळं गणित त्या वाफशावर आहे, बाकी खत वगैरे नंतर.

का ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात राहील. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला, तिथलं ते राष्ट्रीय फूल आहे, १९६३ पासून. तिथे दीड-दोन हजार मीटर आणि त्याहूनही उंचावर हिवाळा कोरडा असतो, झाड वरून वाळतं आणि कंद कोरड्या मातीत झोपून राहतो, मग मे-जूनच्या सुमारास आपल्यासारखाच पावसाळा लागतो, तोवर माती तापलेली असते, कंद जागा होतो आणि पावसाच्या पाण्यावर वाढतो. म्हणजे आधी कोरडी झोप, मग ऊब, मग पाणी, हा त्याचा क्रम. आणि सिअ‍ॅटलचा क्रम बरोबर उलटा आहे. इथला वर्षाचा पाऊस मुंबईच्या निम्मासुद्धा नाही, पण तो ऑक्टोबरपासून मेपर्यंत रिपरिप रिपरिप पडत राहतो आणि नेमका जुलै-ऑगस्टमध्ये गायब होतो. त्यामुळे आपण माळ्याने काय करायचं तर स्प्रिंगमध्ये पाण्यापासून कंद वाचवायचा आणि उन्हाळ्यात पाणी आपण द्यायचं. गेल्या वर्षी तुमच्याकडे पहिलं झालं नाही, आणि दुसरंही बहुतेक झालं नसावं कारण एकच झाड राहिलं म्हटल्यावर तिकडे लक्ष कोण देतंय.

कंदाला सुरुवातीला मुळं नसतात, हे लक्षात घ्या. ते जे रताळ्यासारखं दिसतं ते मूळ पाणी ओढून घेणारं नाही, ते कोठार आहे, त्यात अन्न आणि पाणी दोन्ही भरलेलं आहे आणि कोंब वर येईपर्यंत पुरेल एवढं आहे. आपण वरून घातलेलं पाणी तो पिऊ शकत नाही, पाणी नुसतं त्याच्याभोवती साचून राहतं, मातीतली हवा संपते, माती गार असल्यामुळे कंद हलत नाही, आणि कुजवणाऱ्या बुरशीला मात्र तेवढी ओल पुरते. माझं पहिलं वर्ष असंच गेलं होतं. मेच्या मध्याला कंद का उगवत नाही म्हणून मी खुरप्याने माती बाजूला केली, कंद वरून अगदी शाबूत दिसला, साल घट्ट, रंग तोच, उचलायला गेले तर बोटं आत गेली, आतमध्ये सगळं पिठल्यासारखं झालेलं आणि सडक्या कांद्याचा वास. तेरा कंद होते, तेराच्या तेरा तसेच. त्या दिवशी खूप वाईट वाटलं, महिनाभर रोज पाणी घातलं होतं ना. तुमच्या वाफ्यात अजून उकरून बघितलंत तर सालींचे तुकडे सापडतील कदाचित.

आता कधी लावायचे. माझं इथल्या आपल्या लोकांना सरळ सांगणं असतं की पाडव्याला कंद घरात पेटीतून बाहेर काढा आणि अक्षय्य तृतीयेला जमिनीत लावा. आमच्याकडे हळदीची लागण अक्षय्य तृतीयेलाच सुरू करायचे, आणि योगायोग बघा, एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य हीच इथल्या डेलियाची वेळ आहे. अर्थात तिथी मागेपुढे होते, एखाद्या वर्षी १९-२० एप्रिललाच येते, तेव्हा तिथी ही फक्त आठवण म्हणून ठेवा, निर्णय मातीला विचारून करा. मातीत खुपसायचं थर्मामीटर मिळतं, नाहीतर स्वयंपाकघरातलं जुनं प्रोब थर्मामीटर चालतं, ते सकाळी नऊच्या सुमारास चार-पाच इंच खोल खुपसा, चार-पाच दिवस सलग ६० फॅरनहाइट म्हणजे साधारण १५-१६ सेल्सियसच्या आसपास दाखवत असेल तर लावा. दुपारी मोजू नका, दुपारी वरची माती ऊन खाऊन खोटं सांगते. आणि थर्मामीटर नसेल तर शेजारपाजारची लायलॅकची झुडपं बघा, ती भरभरून फुलली की माती बऱ्यापैकी तापलेली असते. सिअ‍ॅटलच्या उत्तरेकडच्या स्कॅजिट व्हॅलीचे ट्युलिप बघून आल्यावर सगळ्यांना बागकामाची हुक्की येते, मलाही येते, पण ट्युलिप बहरात असतात तेव्हा डेलियासाठी अजून लवकर आहे.

उशीर झाला तर काय, ही भीती काढून टाका. १५ एप्रिलला गार मातीत लावलेला आणि १५ मेला उबदार मातीत लावलेला, दोन्ही मी शेजारी शेजारी लावून बघितलेत, जुलैत दोन्ही खांद्याला खांदा लावून उभे होते, फरक एवढाच की एप्रिलच्या ओळीत मध्ये मध्ये जागा रिकाम्या होत्या. मी तर १० जूनपर्यंत लावलेत, फुलं आली, थोडी उशिरा आली एवढंच.

मग मार्चमध्ये करायचं काय तर कंद तपासायचे. तुमच्याकडे तो गेल्या वर्षीचा वाचलेला एक आहे, तो काढून ठेवलात की जमिनीतच आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. जमिनीत असेल तर घाबरू नका, आपल्या भागात निचरा चांगला असेल तर बरेच कंद जमिनीत हिवाळा काढतात, इथे थंडीपेक्षा पाणीच त्यांना मारतं, हे मी पुन्हा सांगतेय कारण हे पटल्याशिवाय हात थांबत नाही. मेपर्यंत त्या जागेला उकरू नका, वर सुका पाला किंवा बार्कचा थर असेल तर तो मात्र एप्रिलमध्ये बाजूला करा म्हणजे ऊन लागेल. काढून ठेवला असेल तर बघा कसा आहे. किंचित सुरकुतलेला चालतो, मोसंबी आठवडाभर बाहेर राहिल्यावर जशी होते तसा, पण दाबल्यावर कडक लागला पाहिजे. पार वाळून काटकी झालेला किंवा मऊ पडलेला टाकून द्या. एका बाजूला कुजलंय आणि बाकी चांगला आहे तर तेवढा भाग पांढरं स्वच्छ मांस दिसेपर्यंत कापा आणि दोन-तीन दिवस उघड्यावर कोरडा होऊ द्या.

आणि डोळा शोधा. बटाट्याला अंगभर डोळे असतात, डेलियाला तसं नाही, इथे बहुतेकांची फसगत होते. डेलियाचा डोळा फक्त वरच्या टोकाला, जिथे कंदाची मान जुन्या खोडाला चिकटलेली असते त्या गाठीवर असतो. उसाच्या कांडीला कसा पेऱ्यावरच डोळा असतो, मधल्या कांड्यातून कधी कोंब फुटत नाही, तसंच. म्हणजे कंद केवढाही जाडजूड असू दे, मान मोडलेली असेल किंवा वरची गाठ तुटून गेली असेल तर तो आयुष्यात उगवणार नाही, त्याला मुळं फुटतील, तो सहा महिने जिवंतही राहील, पण कोंब येणार नाही. उलट करंगळीएवढा बारका कंद, पण मान शाबूत आणि एक डोळा, तर ऑगस्टमध्ये तुमच्या छातीएवढं झाड. मार्चमध्ये डोळा दिसायला लागतो, मोहरीच्या दाण्याएवढा फुगीर ठिपका, कधी गुलाबीसर, कधी हिरवट पांढरा. दिसत नसेल तर कंदांची पेटी गॅरेजमधून आणून घरात उबेला ठेवा, मी वॉटर हीटरच्या कपाटात ठेवते, सालीवर पाण्याचा अगदी हलका फवारा, आठ-पंधरा दिवसांत डोळे फुगतात.

तुमचे सातातले दोन-तीन कंद बिनडोळ्याचेही असू शकतील. दुकानात फेब्रुवारीपासून ज्या चित्राच्या पिशव्या टांगलेल्या असतात त्यात भुश्यात कंद असतात, आत काय आहे ते धड दिसत नाही, माना मोडलेल्या असतात, कधी दुकानातल्या उबेने वीतभर पांढरे कोंब आलेले असतात. घ्यायच्या तर पिशवी उजेडात धरा, चाचपून बघा, आणि घरी आणल्या की लगेच उघडा, त्याच दुकानात नंतर जाऊन सांगता तरी येतं. पण माझं ऐकाल तर इथल्या डेलिया मंडळांची वसंतात कंदविक्री असते, पुजेट साउंड डॅलिया असोसिएशन आहे, टकोमाकडचं वेगळं मंडळ आहे, तिथे हौशी लोक आपल्याच बागेतले कंद डोळा बघून, नाव लिहून विकतात, आणि विचारलं तर अर्धा तास उभं राहून समजावून सांगतात. माझ्या बागेतले निम्मे कंद तिथले आहेत. (तिथे गेलात की डॅलिया म्हणा बरं का. आपलं डेलिया हे इंग्रजांकडून आलेलं, अमेरिकन लोक डॅलिया म्हणतात, आणि ज्याच्या नावावरून १७९१ साली फुलाला नाव मिळालं तो स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ आन्द्रेआस डाल, म्हणजे पुण्यात जुने लोक डालिया म्हणतात ते मूळ नावाच्या सगळ्यात जवळचं.)

मोठा झुबका असेल तर वाटणी मार्चमध्येच करा, डोळे दिसतात म्हणून सोपं जातं. धारदार सुरी किंवा छोटी छाटणीची कात्री, प्रत्येक तुकड्याला एक कंद, एक मान, एक डोळा. आणि एका झुबक्यावरून दुसऱ्या झुबक्यावर जाताना सुरी ब्लीचच्या पाण्यात, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, बुडवून घ्या. हा कंटाळा मी करू देत नाही कोणाला, कारण गाठींचा रोग आणि व्हायरस सुरीवरूनच पसरतात. गाठीवर फुलकोबीसारखा खडबडीत गोळा किंवा एकाच जागी चाळीस बारके केविलवाणे कोंब दिसले तर तो झुबका कचऱ्याच्या डब्यात, कंपोस्टमध्येही नाही. कापलेल्या भागाला काहीजण दालचिनीची पूड लावतात, काही गंधक लावतात, मी काहीच लावत नाही, दोन दिवस हवेशीर ठेवते आणि ते पुरतं.

हौस आवरत नसेल तर (माझीही आवरत नाही) एप्रिलच्या सुरुवातीला चार-पाच कंद एक गॅलनच्या कुंडीत घरात सुरू करा. पॉटिंग मिक्स भिजवून मुठीत दाबा, बोटांमधून पाण्याचा थेंब गळता कामा नये, एवढीच ओल. डोळा जेमतेम झाकेल एवढं मिक्स, उबदार जागा, आणि कोंब दिसला की भरपूर उजेड, खिडकीतला उजेड इथे एप्रिलमध्ये कमी पडतो आणि कोंब लांबुडके होतात, साधी एलईडी ट्यूब वीतभर उंचीवर टांगली तरी चालते. मेमध्ये बाहेर लावण्याआधी आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ अंगणात ठेवून हवेची सवय करा, एकदम बाहेर काढलं तर पानं पांढरी पडतात. आणि तुमच्या आई यंदाही येणार असतील तर या कुंड्या त्यांच्याकडे द्या, खरंच सांगते, कुंडीतल्या झाडाला रोज बघणारं माणूस लागतं, वाफ्यातल्या कंदाला मेपर्यंत कोणीच नको असतं.

जागा. निदान सहा तास ऊन, आठ मिळालं तर उत्तम, इथे उंच फर आणि सीडरच्या सावल्यांमुळे हीच खरी अडचण असते. मार्चमध्ये जिथे ऊन दिसतं तिथे जूनमध्ये मेपलला पानं आल्यावर असेलच असं नाही तेव्हा वर बघून जागा ठरवा. आपल्याकडची माती बहुतेक ठिकाणी खाली चिकट आणि दगडगोटे, त्यावर बिल्डरने टाकलेला चार इंच मुरूम, त्यामुळे खड्डा करून त्यात छान माती भरली तर तो खड्डा हिवाळी विहीर होतो, आजूबाजूचं पाणी तिथेच येऊन बसतं. त्यापेक्षा वाफा वर उचला, आठ-दहा इंच उंच, फळ्यांची चौकट नसली तरी चालेल नुसता गादीवाफा करा जसा आपण आल्या-हळदीला करतो. त्यात दोन इंच जुनं कंपोस्ट मिसळा, आणि पावसाने इथली माती आंबट होते म्हणून थोडा बागेचा चुना. ताजं शेणखत किंवा नायट्रोजन जास्त असलेलं लॉनचं खत अजिबात नको, झाड पानापानांनी माजतं, फुलं कमी, आणि त्या झाडाचे कंद पुढच्या हिवाळ्यात पेटीत टिकत नाहीत. खताच्या पिशवीवर तीन आकडे असतात, पहिला आकडा बाकीच्या दोघांपेक्षा लहान असलेलं घ्या, ५-१०-१० सारखं.

एप्रिलमधला माझा सगळ्यात उपयोगी उद्योग म्हणजे वाफा झाकणं. लावायच्या तीन-चार आठवडे आधी वाफ्यावर ताडपत्री किंवा जाड काळं प्लॅस्टिक टाकून कडेला विटा ठेवते, पाऊस आत जात नाही, काळ्या रंगाने माती तापते, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात ताडपत्री उचलली की आत मस्त वाफसा आलेला असतो, शेजारच्या उघड्या वाफ्यात पाय रुतत असतो तेव्हा. एवढं एक केलंत तरी तुमचे दहातले नऊ उगवतील.

लावताना आधी काठी ठोका मग कंद ठेवा. उलटं केलंत तर जुलैत काठी ठोकताना ती नेमकी कंदातून जाते. पाच-सहा फुटी काठी, तिच्यापासून दोन-तीन इंचावर चार ते सहा इंच खोल चर, कंद आडवा निजवायचा, डोळा वरच्या बाजूला आणि काठीच्या दिशेला, वर माती, हलक्या हाताने दाबा, दोन झाडांत दीड ते दोन फूट अंतर. नावाची पट्टी लगेच लावा, नंतर लावू म्हटलं की राहतं. आणि आता मुख्य, पाणी घालू नका. आपल्याकडे हळद-ऊस लावला की लगेच आंबवणी, म्हणजे लागणीनंतरचं हलकं पाणी, देतात, त्यामुळे लावलं आणि पाणी नाही घातलं हे आपल्या मनाला पटतच नाही, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. इथे आंबवणी नाही, चिंबवणी नाही. कोंब जमिनीच्या वर तीन-चार इंच येईपर्यंत एक थेंब नाही, पावसाने जे दिलं ते भरपूर. कुंडीत आधीच उगवलेलं रोप लावलं असेल तर गोष्ट वेगळी, त्याला मुळं आहेत, त्याला लावल्यावर पाणी द्या.

दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसतात, एखादा हट्टी कंद सहा आठवडे घेतो. उकरून बघायचा मोह होईल, बघायचंच असेल तर एका कडेने बोटाने माती सरकवा, वरून खुरपं घालू नका, कोंब मोडला तर पंधरा दिवस मागे गेलात.

आता तुमचे दोन कोंब एका रात्रीत कोणी खाल्ले त्याबद्दल. स्लग, म्हणजे आपली बिनशंखाची गोगलगाय. इथल्या जंगलात तो पिवळा लांबलचक बनाना स्लग दिसतो, तो बिचारा इथलाच, तो सहसा बागेचं फार नुकसान करत नाही, त्याला उचलून झाडीत सोडा. खरे चोर म्हणजे युरोपातून आलेले, बोटाच्या पेराएवढे करडे स्लग आणि ते मोठे काळे-तपकिरी. डेलियाचा जमिनीतून नुकताच वर आलेला कोंब ही त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट आहे, आणि कित्येकदा कंद छान उगवलेला असतो पण कोंब मातीच्या वर आला की रोज रात्री खाल्ला जातो आणि आपल्याला वाटतं उगवलाच नाही. म्हणजे तुमच्या त्या सातांतले एक-दोन असेही गेले असतील. एकदा रात्री दहा वाजता, पाऊस पडून गेल्यावर, टॉर्च घेऊन वाफ्यात जा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका झाडाजवळ नऊ मोजले, एक कोंबाच्या टोकावर बसून पानाची कड अशी खात होता जशी आपण पोळीची कड तोडतो, आणि सकाळी त्या जागी फक्त चकाकता चिकट माग राहतो. हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका, पंधरा दिवस रोज रात्री दहा मिनिटं, फरक दिसतो.

आणि आधीपासून तयारी करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दगड, फळ्या, कुंड्या उचलून बघा, खाली भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक मोत्यांची पुंजकी दिसली तर ती त्यांची अंडी, उन्हात उघडी टाका. कंद लावल्याच दिवशी वाफ्यावर स्लग मारणारे आयर्न फॉस्फेटचे दाणे भुरभुरा, मूठमूठ ढीग नाही करायचा, तांदूळ निवडताना सांडावेत तसे विरळ, आणि दर दोन आठवड्यांनी पुन्हा. दुकानात मेटाल्डिहाइडचेही दाणे मिळतात ते स्वस्त असतात पण कुत्र्यांना ते फार विषारी आहेत, घरात कुत्रा असो नसो, शेजाऱ्यांचा येतोच, ते आणू नका. सशांचा त्रास असेल तर कोंब वीतभर होईपर्यंत कोंबडजाळीची टोपी घाला.

फ्रॉस्टचं, म्हणजे दंव गोठतं त्या थंडीचं, थोडक्यात. पाण्याजवळच्या सिअ‍ॅटलमध्ये ते लवकर संपतं, आपल्या बाजूला, विशेषतः सखल जागी, मेच्या सुरुवातीपर्यंत एखादी रात्र दगा देते. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि रात्रीचं तापमान ३६ फॅरनहाइटच्या आत सांगितलंय तर कोंबांवर रिकामी कुंडी उपडी घाला, नाहीतर जुनी चादर, सकाळी काढा. राहून गेलं आणि कोंब काळा पडला तरी कंद खाली सुखरूप असतो, तो दुसरा कोंब काढतो.

झाड फूटभर झालं, पानांच्या चार जोड्या आल्या की मधला शेंडा खुडा. जूनचा दुसरा-तिसरा आठवडा असेल तो. एवढं जपून वाढवलेलं झाड, त्याचा शेंडा मोडायला जीव होत नाही हे मला माहितेय, तुळशीची मंजिरी खुडतो ना आपण ती दाट व्हावी म्हणून, तेच समजा. नाही खुडलंत तर एकच उंच काठी आणि तिच्या टोकाला एखाद-दोन फुलं, तुमच्या गेल्या वर्षीच्या झाडासारखं. खुडलंत तर चार फूट घेर आणि ऑक्टोबरपर्यंत फुलं.

आणि मग जुलै. इथे जुलैत महिन्याचा पाऊस इंचभरसुद्धा नसतो, आणि नेमकी तेव्हा डेलियाला मेक्सिकोतल्या पावसाळ्याची भूक असते. आता द्या पाणी, आठवड्यातून दोन-तीनदा, झारीने नाही, ड्रिप किंवा सोकर (अंगभर पाणी पाझरणारा) पाइप पाऊण-एक तास, बुंध्याशी सहा इंच खोल ओल जाईल असं. स्प्रिंगमध्ये वाचवलेलं सगळं पाणी इथे वापरायचं. माझ्या ओळखीच्या आपल्या मंडळींमध्ये अर्धे लोक एप्रिलमध्ये पाणी घालून थकतात आणि जुलैत भारतात सुट्टीला जातात, बाग वाऱ्यावर. टायमर लावून जा.

जाती कुठल्या घ्याव्यात तर पहिल्या वर्षी ताटाएवढ्या फुलांच्या मागे लागू नका, दहा इंचाच्या वरची जी फुलं असतात त्यांना वेळ फार लागतो, आपला उन्हाळा तोकडा आहे. गोल बॉल जातीची किंवा कमळासारखी, तीन-चार इंचांची घ्या, ती लवकर येतात, देठ कडक असतो, फुलदाणीत टिकतात. कॉर्नेल गडद लाल, त्याने मला कधी फसवलं नाही. थॉमस एडिसन नावाचा जांभळा आहे, १९२९ पासून लोक लावतायत, जांभळ्यात त्याच्या तोडीचा कमी. बिशप ऑफ लँडॅफ, काळपट पानं आणि लालभडक अर्धदुहेरी फुलं, मधमाश्यांची झुंबड उडते. कॅफे ओ ले सगळ्यांना हवा असतो, चहात दूध जास्त झाल्यासारखा रंग, दिसायला अप्रतिमच आहे पण पावसाचा थेंब पडला तरी पाकळीला डाग, आणि कंदही नाजूक, तो एकच आणा आणि दुसऱ्या वर्षी आणा.

तर तुमच्यासाठी या आठवड्यात एवढंच. तो एक कंद काढून ठेवला असेल तर त्याचा डोळा बघा, वाफ्यावर ताडपत्री टाका, दगडांखाली साबुदाणा शोधा. कंद अजून सहा-सात आणा, जास्त नकोत, त्यातले दोन आईंसाठी कुंडीत सुरू करा आणि बाकीचे कागदी पिशवीत थोड्या कोरड्या भुश्यात घालून घरात थंड जागी ठेवून द्या. १ मेला थर्मामीटर खुपसा आणि आकडा मला कळवा, मग बघू त्या आठवड्यात लावायचे की अजून थोडं थांबायचं.